तिसऱ्या दिवसाचं मत

मंगळवारी सकाळी शाळेत प्रार्थना चालू असताना मुनीरभाईंचा फोन आला. शेषरावच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. "गुरुजी, लवकर या. शेषरावभाई गेले." चहाचं आधण ठेवलं आणि तिथंच ओट्याशी बसला म्हणे, बसला तो उठलाच नाही. वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी परळीला गेल्या होत्या, घरात तो एकटाच होता. मी पोचलो तेव्हा कुणीतरी गॅस बंद केला होता आणि पातेल्यातलं पाणी अजून कोमट होतं. मला दुःख व्हायच्या आधी राग आला, हे कबूल करतो. त्याच दिवशी संध्याकाळी तो मला एक गोष्ट सांगणार होता.

शेषराव माजलगावात वायरमन होता, दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. आमची मैत्री सातवीपासूनची, म्हणजे दोघांनी मिळून शाळा बुडवून पहिला सिनेमा पाहिला तेव्हापासूनची. मी पुढं मास्तर झालो आणि सिनेमाबद्दल चारचौघांत बोलायला लागलो. तो खांबावर चढला आणि सिनेमा पाहत राहिला. मी मध्यंतरातच मत देऊन मोकळा व्हायचो. त्याचा मात्र नियम होता, तिसऱ्या दिवसाशिवाय सिनेमावर अक्षर बोलायचं नाही. "माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडतेत ना? तवा कळतं, काय जळालं न् काय उरलं. सिनेमाचं बी तसंच हाय," असं म्हणायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धान्याच्या मोंढ्यातल्या हॉटेलात चहा पुढ्यात आला, की मग एक-दोन वाक्यांत निकाल लागायचा.

एक कौटुंबिक सिनेमा मी तीनदा पाहिला होता, तिन्ही वेळा रडलो होतो. तिसऱ्या दिवशी शेषरावनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "माझ्याकडं तर काहीच उरलं न्हाई. तुझा रुमाल वाळला का?" बर्फात पातळ साडी नेसून नाचणाऱ्या नायिकेबद्दल त्याला खरीच काळजी वाटायची. धोतराला चिखलाचा डाग नसलेला शेतकरी पडद्यावर आला की तो हताश व्हायचा. मारामारीवर मात्र त्याचा अजिबात राग नव्हता, उलट दहा जणांना लोळवणारा नायक त्याला लई आवडायचा. "ते खोटं हाय हे त्याला बी ठावं हाय न् मला बी. पण काम खोटं दाखवू नये. हातानं काम करणारा माणूस नीट दाखवला, की निम्मा सिनेमा तिथंच झाला." एका सिनेमात नायकानं अनवाणी पायांनी जिवंत तार धरली आणि वर गाणंही म्हटलं, तेव्हा हा उठून बाहेर गेला. आयुष्यात अर्ध्यातून सोडलेला त्याचा तो एकमेव सिनेमा.

कारण अनवाणी राहणं त्याच्या धंद्यातच बसत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याचा एक जोडीदार ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी उभा असताना शॉक लागून गेला होता. तेव्हापासून घरातसुद्धा शेषरावच्या पायात रबरी चपला असायच्या. त्यांचा अंगठा तुटला की तो फ्यूजच्या तारेनं आवळून बांधायचा, नवीन घ्यायचा नाही. फक्त सिनेमा बघताना चपला खुर्चीखाली काढायचा आणि वर मांडी घालून बसायचा. सिनेमा बिघडायला लागला की मांडी मोडायची आणि पाय चपला शोधायला लागायचे. तोंड बंद असलं तरी पाय चुगली करायचे. निम्मे सिनेमे मी पडद्याऐवजी त्याचे पाय बघूनच पाहिले. सगळ्या आयुष्यात दोनदाच असं झालं, की सिनेमा संपला आणि हा चपला तिथंच विसरून अनवाणी घरी गेला. दुसऱ्या दिवशी टॉकीजच्या दारवानाकडून चपला घेऊन आला, थोडा लाजलेला. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी हॉटेलात एवढंच म्हणाला होता, "समदं उरलं बे."

आता माझ्या पोराचं. केदारनं इंजिनिअरिंग केलं आणि मग गावाकडच्या चार मित्रांना घेऊन पाऊण तासाचा सिनेमा काढला. नवरा अंथरुणाला खिळलेला, वायरमन वेळेवर येत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर फ्यूज टाकायला शिकणाऱ्या एका बाईची गोष्ट. शेषरावला विचारून कर, असं मी शंभरदा सांगितलं. "काकांची मदत घेतली तर त्यांचं खरं मत मिळणार नाही," म्हणाला. पुण्याच्या एका कंपनीचं नेमणूकपत्र त्याच्याकडं आलेलं होतं आणि आमच्यात ठरलं होतं, शेषरावकाका नाही म्हणाले तर सिनेमाचा नाद सोडायचा. मला वाटत होतं, त्यानं नाही म्हणावं. आणि वाटत होतं, म्हणू नये. बापाचं असंच असतं.

रविवारी दुपारी गावातल्या एका मंगल कार्यालयात पडदा लावून आम्ही तो दाखवला. शेषराव तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसला. मी केदारबरोबर मागं मशिनपाशी उभा, तिथून त्याचे पाय काही दिसेनात. संपल्यावर लोकांनी केदारला गराडा घातला आणि या गर्दीत शेषराव आम्हाला न भेटता निघून गेला. मला ते लागलं.

सोमवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर बसला होता, पायात ड्युटीचे जुने बूट. "घरात बूट कावून घातलेस बे?" मी विचारलं.

"उद्या सांगतो. समदं एकदमच सांगतो."

"शेषू, पोराचं आयुष्य अडलंय. हो की न्हाई, एवढं तर सांग."

"एका दिवसानं काय अडतंय? उद्या ये, चहा पिऊ."

माझा पारा चढला. "लई भाव खातोस तू. खांबावर चढता चढता स्वतःला कोण समजायला लागलास? ठेव तुझं मत तुझ्यापाशीच." असं म्हणालो आणि चहा न घेता निघालो. तो मागून हसला... नेहमीसारखाच. चाळीस वर्षांच्या मैत्रीतलं माझं शेवटचं वाक्य हे आहे. बदलता आलं असतं तर बदललं असतं.

गुरुवारी सिंदफणेच्या काठी आम्ही त्याची राख सावडली. केदारही होता. त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. घरी आल्यावर पुण्याला होकार कळवून टाकला, महिनाअखेरीस रुजू व्हायचं ठरलं.

त्याच सुमाराला पौष लागला होता. पौषात लग्नं नसतात, त्यामुळं सोमवारपासूनच कार्यालयाला कुलूप होतं. गेल्या आठवड्यात तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला. "गुरुजी, तुमच्या कार्यक्रमानंतर आज हॉल उघडला. झाडताना चपला सापडल्यात. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडं. टाकून द्यायच्या का?"

मी सायकल काढली. रबरी चपला, डाव्या चपलेचा अंगठा फ्यूजच्या तारेनं बांधलेला. त्या जिथं सापडल्या त्या खुर्चीवर मी थोडा वेळ बसलो. घरातले बूट मला सोमवारीच दिसले होते. चाळीस वर्षं त्याचे पाय वाचणारा मी, त्या दिवशी भांडायच्या घाईत होतो.

वहिनींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या तुमच्याकडंच राहू द्या गुरुजी. केदारच्या हायत त्या." केदार अजून पुण्याला गेला नव्हता, त्याला मी चपला दाखवल्या. त्याला या चपलांचा इतिहास लहानपणापासून पाठ. त्यानं त्या हातात घेतल्या, तारेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "बाबा, कार्यालयापासून काकांचं घर किती लांब आहे?"

"दीड-दोन किलोमीटर असेल."

"तेवढं अनवाणी?"

"तेवढं अनवाणी," मी म्हणालो.