गोराई ते मनोरी: वाळूवरची तालीम

आमची गिरणी संपात बंद पडली, त्यानंतरच्या तिसऱ्या फाल्गुनातील ही हकीकत आहे. अंधशाळेच्या मदतीसाठी बोरिवलीतील आमच्या मंडळाने कर्नाळा किल्ल्याची पदयात्रा ठरविली. मी नाव देऊ केले, तेव्हा चिटणीस म्हणाला, "काका, तुम्ही सरबताच्या टेबलावर बसा ना!"

मी निक्षून सांगितले, "गोराईपासून मनोरीपर्यंत वाळूतून चालून दाखवीन. न जमल्यास खुशाल सरबत वाटीन."

रविवारी सकाळी बसने खाडीवर गेलो. डबा घेऊन सौभाग्यवतीही निघाली. होडीचे भाडे किरकोळ होते. पलीकडे टांगे मिळतात; आम्ही अर्थातच पायी गेलो. इच्छुकांनी भरतीची वेळ विचारून घ्यावी आणि पिण्याचे पाणी जवळ बाळगावे.

मी पुढे, ती दोन पावले मागे, अशी आमची नेहमीची रीत. नवे कॅनव्हासचे बूट भिजू नयेत म्हणून मी वरच्या कोरड्या वाळूतून चाललो. पाय रुतू लागले, टाच सोलली. मी वारंवार थांबे आणि विचारी, "अगं, दमलीस का?"

"नाही हो," एवढेच ती म्हणे.

बांबूंवर बोंबील वाळत घालणारी एक कोळीण हे पाहत होती. "काय रे बाबा, बूट घालून वरातीला निघालास? आणि बाय, तू गो कशाला याच्या मागं रखडतेस?"

ही पदराआड हसली. "आमच्यात बाईमाणूस पुढे चालत नाही."

"मग हा काय आज मनोरीला पोचत नाय!"

ते एकेरी बोलणे मला मुळीच रुचले नाही. परंतु सरबताचे टेबल डोळ्यांसमोर आले. मी बूट काढून हातात घेतले. "अगं, तू पुढे हो."

तिने पदर खोचला आणि ती पाण्याच्या कडेच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालू लागली. तिचे माहेर समुद्रकाठच्या हर्णैचे, हे मी विसरलो होतो. मी तिच्या पावलांत पाऊल टाकीत गेलो. तिने मागे वळून पाहिले नाही. मात्र मला धाप लागली की तिची चाल आपोआप मंदावे.

मनोरीला भाकरी व सुकटीची चटणी खाल्ली. पुन्हा होडीने मार्वे, तेथून बसने घर.

संध्याकाळी चिटणीस आला. "काय काका, जमलं?"

"जमले. दोन नावे लिही. आधी तिचे."

"अहो, माझं कशाला?" ती आतून म्हणाली.

"मला वाट कोण दाखवणार?"

कर्नाळ्याला आम्ही दोघे जाऊन आलो. बाजारात जाताना ती अजूनही सवयीने मागे राहते. मग मी बुटाची नाडी बांधायला वाकतो, आणि ती पुढे गेल्याखेरीज उठत नाही.