सातवीचा वर्ग गप्प का?

वर्ग शांत असणं ही चांगल्या शाळेची खूण, असं तपासणीला येणारे साहेब म्हणतात. मला मात्र सातवीचा वर्ग शांत दिसला की संशय येतो. त्या दिवशी आत शिरले, तर सगळे हाताची घडी घालून बसलेले. मी आधी खुर्ची चाचपली, दारामागे पाहिलं, टेबलाचा खण हळूच उघडला. कुठेच काही नव्हतं.

एरवी या पोरांवर ओरडून घसा बसायचा. गेला आठवडा मात्र ओरडायचंही त्राण नव्हतं. दंगा चालायचा आणि मी खिडकीबाहेर बघत राहायचे.

"काय करून ठेवलंय? खरं सांगा."

सगळ्यांत दंगेखोर साक्षी उभी राहिली. "बाई, तुम्ही बदली मागितली का? आधीचे सर पण जायच्या आधी असेच ओरडेनासे झाले होते."

म्हणजे पाळत दोन्हीकडून होती. मी टेबलावर पट्टी आपटली. "मागे कोण बोलतंय रे?" कोणीच बोलत नव्हतं, तरी वर्ग सुटल्यासारखा हसला आणि नेहमीचा गोंगाट सुरू झाला.

साक्षी तेवढी हसली नाही. मी उत्तर दिलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.