बाहीचा वास

उत्तरेश्वर चपला काढत होता, तेवढ्यात आत मटणाचा डबा उघडला गेला. आनंद आणि दत्तप्रसाद एकदमच 'आहाहा' म्हणाले. उत्तरेश्वरही म्हणाला, पण एक श्वास उशिरा. तो उशीर कुणाच्या लक्षात आला का, हे त्यानं वाकल्या वाकल्याच पाहून घेतलं. आज दिवसभर हेच करायचं होतं. आधी दुसऱ्यांचे चेहरे बघायचे, मग आपला ठरवायचा.

चार महिने झाले, त्याला वास येत नव्हता.

होळीच्या आठवड्यात ताप आला, चार दिवसांत उतरला आणि जाताना नाक रिकामं करून गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते सांगता येत नाही. काहींना येतही नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्यानं भाजीत तिखट वाढवून दिवस काढले असते. पण उत्तरेश्वर नाकावर जगत होता. हडपसरला दत्तप्रसादचा इसेन्सचा कारखाना होता. बिस्किटात, सरबतात, लहान मुलांच्या औषधात घालायचे संत्र्याचे, केळ्याचे, केवड्याचे वास तिथं तयार होत आणि प्रत्येक बॅच उत्तरेश्वरनं हुंगून सही केल्याशिवाय बाहेर पडत नसे. चौदा वर्षं हेच चाललं होतं. एक महागडं यंत्र घ्यावं असं मध्यंतरी कुणीतरी सुचवलं, तेव्हा दत्तप्रसाद म्हणाला होता, यंत्राला पडसं होत नाही हे खरं, पण यंत्र रविवारी माझ्याबरोबर जेवायलाही येत नाही.

वास गेल्याचं एकट्या त्याच्या बायकोला, मुक्ताईला माहीत होतं, तेही त्यानं सांगितल्यामुळे नव्हे. मांजरी गावातल्या घरी एका सकाळी दूध करपून काळं झालं आणि तो शेजारी पेपर वाचत बसला होता. मुक्ताईनं गॅस बंद केला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, दत्ताभाऊजींना सांगून टाका." मग तिनं तो विषय काढणंच सोडून दिलं. रोज सकाळी मात्र दुधापाशी ती स्वतः उभी राहू लागली.

आनंदचा वारज्यातला फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यावर पाच बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. श्रावण मंगळवारनंतर लागणार होता, पण आयटीवाल्यांची गटारी रविवारीच येते. हे चौघे खानावळीतले मित्र. नारायण पेठेत कांताबाईंकडे दोन वेळचं जेवणारे आनंद, दत्तप्रसाद आणि परंड्याहून आलेला उत्तरेश्वर. चौथा तालिब हा रविवार पेठेतला, तो नुसता गप्पांना यायचा. कांताबाईंच्या पंक्तीला कांदासुद्धा जपून असे, म्हणून गटारीला तालिबच्या घरी मटण व्हायचं. त्याला वीस वर्षं झाली. मटण अजूनही तालिबची आई बिलकिस हिच्याच हातचं, स्टीलच्या डब्यातून यायचं. फक्त मटणाबरोबरची स्वस्त रम जाऊन यंदा वाइन आली होती. नाशिककडे वाइनचे कारखाने निघाले होते, आनंदच्या कंपनीत पार्ट्यांना तीच असे आणि तो स्वतः सहा महिने फ्रान्सला राहून आला होता.

"आज पिणं नाही, टेस्टिंग," आनंदनं जाहीर केलं. "आणि जज कोण, ते सांगायला नको."

पुढ्यात आलेल्या पाण्याच्या ग्लासकडे उत्तरेश्वर बघत राहिला. गेला आठवडा त्यानं इंटरनेट कॅफेत बसून वाइनवरची पानं वाचली होती. कुठल्या द्राक्षाला कुठला वास म्हणतात, ते एका कागदावर लिहून शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट एवढं कळत होतं. बाकीचं पाठांतर. घड्याळात पावणेएक. चार वाजेपर्यंत निभावलं की झालं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि चार वाजल्यानंतर सोमवार होता हेही त्याला आठवत होतं. सोमवारी मुलांच्या खोकल्याच्या औषधातला संत्र्याचा इसेन्स पास करायचा होता.

आनंदची बायको राजनंदिनी उंच दांड्याचे पेले पुसून ठेवत होती. तिनं पहिली पांढरी वाइन ओतली. उत्तरेश्वरनं पेला तिरका धरून रंग पाहिला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. आत काही नव्हतं. बंद घराचं दार वाजवावं आणि वाजवता वाजवताच आत कुणी नाही हे आपल्याला ठाऊक असावं, तसं. घोट घेतला. आंबट, हलकी.

"पेरू," तो म्हणाला. "कच्चा. मागून लिंबाची साल."

आनंदनं बाटलीमागची चिठ्ठी वाचली आणि टेबलावर थाप मारली. तिथं पेरूच लिहिला होता. दत्तप्रसादनं अशा काही नजरेनं सगळ्यांकडे पाहिलं, जणू त्याच्या मुलानं पाढा म्हणून दाखवला. तालिब दारू पीत नसे. पण प्रत्येक पेला तो मागून घेई, हुंगे आणि परत देई. पिऊ नये असं सांगितलंय, हुंगू नये असं कुणी सांगितलं नाही, असं तो म्हणाला. दत्तप्रसाद म्हणाला, तुझा धर्म मला परवडेल, बिलही येणार नाही.

दुसरी गुलाबी होती, तिसरी लाल. उत्तरेश्वरनं स्ट्रॉबेरी सांगितली, मिरी सांगितली. जमत होतं. जमतंय हे जाणवलं तशी त्याची जीभ सैल झाली आणि भीती मात्र कमी झाली नाही. बर्फावरून चालताना वेग वाढतो म्हणे, तसं त्याचं होत होतं. तो जास्त बोलू लागला. द्राक्षाची साल, लाकडाचं पिंप, उशिरा काढलेली फळं. एरवी कारखान्यात तो दिवसाला दहा शब्द बोलायचा. तालिब समोरून शांतपणे बघत होता.

तालिबचे वडील दादामियाँ यांचं अत्तराचं दुकान होतं, आणि उत्तरेश्वरचं नाक ही त्यांचीच करणी. कॉलेज अर्धवट सुटल्यावर तो दोन वर्षं त्या दुकानात होता. कागदाच्या पट्टीवर थेंब, पट्टी नाकाशी, मग पट्टी बाजूला आणि नाक स्वतःच्या कोपराच्या खोबणीत, बाहीवर. एक वास झाला की आपल्याच अंगाचा वास घ्यायचा, मग दुसरा. दादामियाँ सांगायचे, नाक परगावी पाठवलं की प्रत्येक वेळी घरी परत आणावं लागतं, नाहीतर ते तिकडेच राहतं. म्हातारा गेला त्या दिवशी दुकानात तालिब आणि उत्तरेश्वर दोघं बाहीत तोंड घालून बसले होते. रडत होते की हुंगत होते, लोकांना कळलं नाही.

चौथी बाटली आनंदनं स्वतः उघडली. ती फ्रान्सहून आणलेली, स्वेटरमध्ये गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. तिच्या गावाचं नाव त्यानं दोनदा सांगितलं. गडद लाल वाइन पेल्यात उतरली. उत्तरेश्वरनं घोट घेतला. तुरट होती, जड होती, महाग वाटत होती. त्यानं आनंदच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा उत्तर सांगतच होता.

"ही खरी," उत्तरेश्वर म्हणाला. "बाकीच्या तीन या हिच्या पाणक्या."

सगळ्यांनी पेले उचलले. आनंदच्या नाकाजवळ काहीतरी हललं, पण लगेच स्थिर झालं. दत्तप्रसादनं मोठा घोट घेतला, थांबला आणि मान डोलावली. राजनंदिनीनं हुंगलं आणि पेला खाली ठेवला.

"मला जरा ओल्या गोणपाटासारखा येतोय," ती म्हणाली. "माळ्यावर राहिलेल्या."

"अगं, उत्तऱ्या म्हणतोय ना," आनंद म्हणाला. "त्याच्या नाकावर कारखाना चालतो."

"हो, मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली, आणि पेला पुन्हा उचलला.

गोणपाट हा शब्द उत्तरेश्वरनं वाचला होता. कागदावर सगळ्यात शेवटी, खराब बुचामुळे बिघडलेल्या वाइनची ओळ. ती त्यानं पाठ केली नव्हती, कारण खराब बाटली कोण कशाला आणेल. तो उठून गॅलरीत गेला. खाली हायवेवर ट्रकांची रांग साताऱ्याच्या बाजूला सरकत होती. थोड्या वेळानं तालिब मागे येऊन उभा राहिला.

"चार पेले झाले," तालिब म्हणाला. "तू एकदाही बाही हुंगली नाहीस."

उत्तरेश्वरचा हात आपोआप वर गेला होता, तो त्यानं कठड्यावर ठेवला. चार महिन्यांत ती सवय कधी सुटली, त्याला कळलंही नव्हतं. परगावी काही जातच नव्हतं, तर घरी आणायचं काय.

"वहिनी म्हणतात ते खरं?"

"कुजलेलं गोणपाट," तालिब म्हणाला. "अब्बांनी ती बाटली मोरीत ओतली असती, आणि मोरी धुतली असती."

"दत्त्याला सांगणार?"

"मी कशाला सांगू. नाक तुझं आहे." तालिब आत जायला वळला. "माझी मुलगी त्या औषधातलं संत्रं पिते, एवढंच."

ते आत आले तेव्हा पाचवी बाटली तशीच बंद होती. सगळे परत चौथीकडेच वळले होते. आनंद बायकोला समजावत होता की चव एकदम लागत नाही, सवय करावी लागते. राजनंदिनी डोळे मिटून छोटे छोटे घोट घेत होती, औषध घेतल्यासारखे, आणि प्रत्येक घोटानंतर म्हणत होती की आता थोडं कळतंय. दत्तप्रसादनं दुसरा पेला भरून घेतला होता. आपल्याला पहिल्यांदा विचित्र लागली, पण उत्तऱ्यानं सांगितल्यावर मजा लक्षात आली, असं तो आनंदला सांगत होता. उत्तरेश्वर उभाच राहिला. या टेबलावर चार धडधाकट नाकं होती. त्यातली तीन त्यानं एका वाक्यात बंद पाडली होती. कारखान्यात अपेक्षा नावाची लॅबमधली मुलगी होती. चार महिने तो पट्टी तिच्या हातात देऊन विचारत होता, काय वाटतं तुला? ती सांगायची आणि तो सही करायचा. पण सांगण्याआधी ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. हे त्याला आत्ता आठवलं.

"वहिनी, पिऊ नका ते," तो म्हणाला. "तुमचं बरोबर होतं. बाटली खराब आहे."

आनंद हसला. "आता आणि हे काय नवीन?"

"मला वास येत नाही."

आनंद हसतच राहिला, कारण थांबायचं कुठं ते त्याला कळलं नाही. दत्तप्रसाद हसला नाही. त्यानं पेला पांढऱ्या कागदावर ठेवला, आधीच्या लाल गोलावर नेमका.

"कधीपासून?"

"होळीपासून."

"बॅच किती झाल्या?"

"एकेचाळीस."

"हुंगल्या कुणी?"

"अपेक्षानं."

"तिला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं, मी तिची परीक्षा घेतो."

दत्तप्रसादनं बाटली स्वतःपासून लांब सरकवली. मग म्हणाला, "म्हणजे चार महिने कारखाना ती मुलगी चालवतेय. तिला तरी सांगायचंस. ती चांगली साडी नेसून आली असती." आवाज कोरडा होता. राजनंदिनीनं पेले गोळा केले आणि चौथी बाटली उचलून आत नेली. मोरीत ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ.

जेवण कुणी धड केलं नाही. तालिबनं डबा परत बांधला आणि आईला काय सांगायचं त्याचा विचार करत बसला. मग दत्तप्रसादनं किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "नमुने आहेत ना सगळे?"

प्रत्येक बॅचची एक लहान बाटली कपाटात राखून ठेवत. उत्तरेश्वरनं मान हलवली.

"तालिब, येतोस?"

दत्तप्रसाद प्यायला होता म्हणून गाडी तिथंच राहिली. रिक्षावाल्यानं हडपसर म्हटल्यावर तिघांकडे आणि डब्याकडे पाहिलं आणि परतीचं भाडं मिळत नाही असं सांगितलं. दत्तप्रसाद म्हणाला, आम्हालाही आज परतीचं काही मिळणार नाही, चल. स्वारगेटच्या सिग्नलला उत्तरेश्वरला वाटलं, आता एकतरी माणूस रागावून ओरडला तर बरं होईल.

कारखान्यात रविवारची शांतता होती. लॅबची ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. कपाट उघडून उत्तरेश्वरनं बाटल्या तारखेनं मांडल्या, मार्चपासून. जुन्या, चांगल्या बॅचच्या बाटल्या त्यांच्या शेजारी, ताडून बघायला. तालिब स्टुलावर बसला आणि शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली. उत्तरेश्वर पट्टी बुडवून देई, तालिब हुंगे, मग कोपरात नाक घाली आणि हात पुढे करी. दत्तप्रसाद दाराशी उभा होता. त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा घड्याळ काढून खिशात ठेवलं.

सव्वीस पट्ट्या उजवीकडे गेल्या. सत्ताविसावी तालिबनं जास्त वेळ धरली. बाही हुंगली. परत धरली. जुन्या बाटलीची पट्टी मागून घेतली, तीही हुंगली, आणि सत्ताविसावी डावीकडे ठेवली, एकटी.

"कुठली ही?" दत्तप्रसादनं विचारलं.

उत्तरेश्वरनं बाटली उजेडात धरली. चिठ्ठीवर त्याचीच सही होती, जरा जास्तच ठसठशीत.

"केळं," तो म्हणाला. "सव्वीस मे."

दत्तप्रसाद फोनपाशी गेला. ती बॅच कुणाकडे गेली ते त्याला वहीत बघावं लागलं नाही. नंबर फिरवता फिरवता त्यानं मागे न बघता म्हटलं, "उरलेल्या संपवा. आणि उद्या त्या मुलीला खुर्ची दे. तू शेजारी बस, पण तोंड भिंतीकडे करून."

उत्तरेश्वरनं अठ्ठाविसाव्या बाटलीचं झाकण काढलं. पट्टी बुडवून पुढे केली. तालिबचं नाक बाहीत होतं, त्याला थोडा वेळ लागणार होता. तोवर ती ओली पट्टी उत्तरेश्वर दोन बोटांत धरून उभा राहिला, स्वतःपासून जरा लांब.