येते

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी राजाजीनगरच्या सायबर कॅफेत चॅटिंग करायला जायचो. मला समोर कुणीही चालायचं. शेजारी बसणाऱ्या आजींना मात्र एकच माणूस हवा असायचा, अमेरिकेतला नातू. आधी पदराने की-बोर्ड पुसायच्या, मग एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. अक्षर सापडलं नाही की मला कानडी वळणाच्या मराठीत म्हणायच्या, "अण्णा, स्वल्प दाखव की."

एकदा वेळ संपली, तेव्हा त्यांनी सवयीने लिहिलं, 'येते.' निघताना 'जाते' कसं म्हणणार? लगेच नातवाचं उत्तर आलं, 'कधी?'

उठलेल्या आजी पुन्हा बसल्या. "अरे, त्याला खरंच वाटलं," त्या हळूच म्हणाल्या. बोट नुसतंच की-बोर्डवर फिरत राहिलं.

मग त्यांनी विचारलं, "अण्णा, 'ल' कुठं रे?"

मी दाखवला. त्यांनी लिहिलं, 'लवकर.'