लसणाची गोष्ट कुणाची

मंडईच्या मधल्या गल्लीत दोन जावांचे गाळे समोरासमोर होते. सासऱ्यांनी जिवंतपणीच वाटणी करून दिली होती, त्यामुळे भांडायला काही उरलं नव्हतं. पण पोटात दुखायला भांडण लागतंच असं नाही.

थोरलीचे केस त्या गाळ्यातच पांढरे झाले होते. वांगं नुसतं हातात घेतलं तरी आत कीड आहे की नाही हे तिला कळायचं. शिळ्या पालकावर पाणी मारून तो खपवायचं पाप तिनं कधी केलं नव्हतं. आणि तरी गर्दी समोर.

धाकटी लग्नाआधी एका वाचनालयात पुस्तकं लावायची. लावायची कमी आणि वाचायची जास्त. भाजी पारखण्यात ती अजून कच्चीच होती, पण गिऱ्हाइकाच्या पिशवीत गाजरं टाकता टाकता सहज म्हणायची, "ही पूर्वी जांभळी आणि पिवळी असायची बरं का. केशरी रंग शेतकऱ्यांनी निवडून निवडून पुढं आणला." टोमॅटो तोलताना सांगायची की एके काळी कितीतरी लोक याला विषारी समजून नुसता शोभेला लावायचे. पालकाबरोबर लिंबू द्यायची आणि म्हणायची, "वरून पिळा, म्हणजे त्यातलं लोह नीट अंगी लागतं." माणसं पिशव्या धरून ऐकत उभी राहायची. घाईत आलेलीसुद्धा.

"भाजी विकते की शाळा भरवते?" थोरली नवऱ्याजवळ कुरकुरली.

"मग तूही सांग की चार गोष्टी," तो म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र शेंगा निवडताना तिचा एक कान समोर असायचा. अशीच तिनं लसणाची गोष्ट ऐकली. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना लसूण खायला देत, असं जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय. रक्तदाबाला त्याची थोडीफार मदत होते म्हणतात. धाकटी पुढं म्हणाली, "पण जेवण ते जेवण आणि औषध ते औषध." नेमकी तेव्हाच मधून बटाट्याची हातगाडी खडखडत गेली, आणि ते शेवटचं थोरलीच्या कानापर्यंत पोहोचलंच नाही.

मंडईच्या कोपऱ्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. सगळे त्याला मास्तर म्हणत. हे थोरलीचं जुनं गिऱ्हाईक, पण अलीकडे त्याचेही पाय समोर वळायला लागले होते. एका सकाळी धाकटीचा गाळा उघडायच्या आत तो आला आणि बोलता बोलता म्हणाला, "रक्तदाब काही उतरत नाही हो मावशी. गोळ्या खाऊन कंटाळा आला."

थोरलीनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "उपाशीपोटी लसूण खा. रक्तदाब नावालाही उरणार नाही. पिरॅमिड बांधणारे काय गोळ्या खाऊन दगड उचलत होते?"

मास्तर हसला. मग विचारात पडला आणि नेहमीच्या दुप्पट लसूण घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तुम्हालाही एवढं ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं." थोरली दिवसभर हवेत होती.

मास्तरनं गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत कापड बेतता बेतता त्याला भोवळ आली, आणि पडताना कपाळ शिलाई मशीनच्या चाकावर आपटलं. टाके पडले, डॉक्टरांची बोलणी बसली. घरी त्यानं एवढंच सांगितलं की मंडईतल्या बाईनं लसूण खायला सांगितला होता, पिरॅमिड बांधणारे काय गोळ्या खात होते म्हणाली. मंडईत गोष्टी सांगणारी बाई कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मास्तरची बायको तडक धाकटीच्या गाळ्यापुढं उभी राहिली.

"तुमच्या गोष्टींपायी माझा माणूस गेला असता."

"मी गोळ्या बंद करा असं कधीच म्हणत नाही हो," धाकटी म्हणाली. तिचं कोण ऐकतंय.

थोरली मान खाली घालून शेंगा निवडत राहिली. खरं सांगायचं तर आधी तिला बरंच वाटलं. गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली. दुपारपर्यंत तिची टोपली रिकामी झाली, आणि समोर धाकटी कोमेजत चाललेल्या भेंडीकडे बघत बसली होती. थोरलीनं तिकडे बघायचं टाळलं. अनेकदा टाळलं.

तेवढ्यात मेथी घेता घेता एक बाई म्हणाली, "पण समोरची बोलते मात्र छान हं. पिरॅमिड बांधणारे काय गोळ्या खात होते, म्हणे. डोकं चालतं तिचं."

थोरलीचा हात थांबला. ते वाक्य तिचं होतं. इतक्या दिवसांत तिला स्वतःला सुचलेलं एवढं एकच वाक्य, आणि तेही धाकटीच्या नावावर? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ते मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

थोरली उठून उभी राहिली. "लसणाचं मी सांगितलं मास्तरांना. तिनं नाही. ते वाक्य माझं आहे."

अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. वाक्य आपलं म्हणजे कपाळावरचे टाकेही आपलेच, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तीर सुटला होता. मेथीवाली बाई पिशवी उचलून चालती झाली. समोर धाकटी टक लावून बघत होती.

थोरलीनं गाळ्यावर गोणपाट ओढलं आणि ती मास्तरच्या घरी गेली. तो डोक्याला पट्टी बांधून खाटेवर पडला होता.

"चूक माझी आहे मास्तर. मी अर्धवट ऐकून तुम्हाला पुरतं सांगितलं."

"गोळ्या मी बंद केल्या मावशी. मला काय तुम्ही हातपाय बांधून लसूण भरवलात?" तो म्हणाला. त्याच्या बायकोनं मात्र पाणीसुद्धा विचारलं नाही. ते योग्यच आहे, असं थोरलीला वाटलं.

गिऱ्हाइकं हळूहळू परतली, आणि परतली ती धाकटीकडेच. थोरलीचं पोट पुन्हा दुखायला लागलं. एका संध्याकाळी दोघी गाळे झाकत असताना ती एकदाची म्हणाली, "तुझ्याकडं गर्दी बघितली की माझा जळफळाट होतो. सांगून ठेवते."

धाकटीनं तराजूची पारडी पुसून ठेवली. "ठाऊक आहे ताई. पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली, आणि गोणपाटाचं दुसरं टोक धरायला गल्ली ओलांडून आली.