वडिलांवरचे सोळा श्लोक

वडील मलकापुरात बांगड्यांचं दुकान चालवायचे. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांनी मला कोल्हापूरला कॉलेजात घातलं. मुलीला एवढं शिकवून काय करणार, असं गिऱ्हाइकं विचारायची. ते समोरच्या हातात बांगडी चढवत राहायचे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना ते वारले. महिन्याभरात मी त्यांच्यावर शार्दूलविक्रीडितात सोळा श्लोक लिहिले. त्यात ते अस्ताचलावरचा सूर्य होते, उन्मळून पडलेला कल्पवृक्ष होते आणि शेवटी मानससरोवराकडे उडून गेलेला राजहंस. संस्कृतच्या सरांनी ते कॉलेजच्या वार्षिक अंकात छापले. वाचून वसतिगृहातल्या मुली रडल्या. मला मात्र रडू येत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अंक घेऊन घरी गेले. आईला वाचता येत नव्हतं. हात पुसत ती जवळ येऊन बसली.

"वाच की. ह्यांच्यावर लिवलंयस न्हवं?"

मी वाचत गेले. शेवटच्या श्लोकाला तिनं थांबवलं.

"हंस म्हंजे कोण?"

"बाबा."

"आन् त्यो आपसूक उडून गेला?"

"हो."

"तसं न्हाय झालं. तीन दिवस दाराकडं बघत हुते."

पुढचं मला वाचवेना. बाबांना बरं नाही, एक दिवस येऊन जा, असा निरोप घेऊन शेजारचे काका बसनं कोल्हापूरला आले होते. कॉलेजात काव्यवाचनाची स्पर्धा होती. ती झाली की येते, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यावर आजवर मी अवाक्षर काढलं नव्हतं. आता आईला सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "काकांनी सांगितलंतं. ह्यास्नी मी म्हणालो, पोरीची परीक्षा हाय."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"त्या दिवशी कुठली कविता म्हटलीस?" तिनं विचारलं.

"वसंतऋतूवरची."

"म्हण बघू."

पहिली ओळ कशीबशी म्हटली. मग वृत्तानंच मला ओढून नेलं. मोहर, कोकिळा, पळस, सगळं म्हणून झालं. आई खाली मान घालून ऐकत होती.

"बरी हाय," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला उठली. तिच्यामागं चुलीपाशी जायचं माझं धाडस झालं नाही.