नीट बसलेली मुलगी

शाळेच्या बाईंनी बोलावून सांगितलं, "मुलीचं लक्ष लागत नाही. मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिसरीतली माझी पोर कुणाला मारत नाही, आरडाओरडा करत नाही. पाय हलवत खिडकीबाहेर बघत बसते आणि डबा विसरून येते, एवढंच. त्यासाठी डॉक्टर? मागे पडणारी मुलं शाळेला नकोच असतात. बाई आणि डॉक्टर आतून मिळालेले असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

"पोर चांगली शे, काय व्हयनं तिले?" सासूबाई कडाडल्या. "डोक्याच्या गोळ्या लागल्या, तर उद्या सून म्हणून कोण करी तिले?"

पण बाई ऐकेनात, दाखवणं भाग होतं. आणि जळगावात दाखवायची सोय नव्हती. दवाखान्यात आमच्या मेहरूणचं कुणीतरी भेटणारच, मग संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा. म्हणून नात्यातल्या लग्नाच्या साड्या घ्यायला जातोय असं गल्लीत सांगून आम्ही धुळ्याची एसटी धरली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाआधी शिकवतात, तसं सासूबाईंनी तिला वाटभर शिकवलं. हात मांडीवर, मान खाली, पाय अजिबात हलवायचे नाहीत. मीही दम भरला, "हललीस तर बघ!"

डॉक्टर तरुणच होते. घरी काय काय विसरते, सांगितलेलं काम अर्धवट सोडते का, हे कधीपासून, असं खोदून खोदून विचारत होते. मला प्रत्येक प्रश्नामागे गोळ्यांचं पाकीट दिसत होतं. मी आपली सगळ्याला "छे हो, काही त्रास नाही" म्हणत गेले. पोर तर पुतळ्यासारखी बसलेली. आता लावा म्हटलं कोणता रोग लावायचा तो!

मग डॉक्टरांनी तिला हरवलेल्या शेळीची एक छोटीशी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "शेळी शेवटी कुठे सापडली?"

तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. हात अजून मांडीवरच होते.

"मम्मी, मी नीट बसले होते ना," ती रडवेली होऊन म्हणाली. "मग ऐकायचं राहिलं."

सासूबाई मागून पदर ओढत होत्या. गोळ्यांचा संशय गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. पण मी खुर्ची पुढे सरकवली.

"डॉक्टर, पहिल्यापासून विचारा. आता खरं सांगते."

आणि पोरीच्या मांडीवरचे ते गार हात सोडवले. "हल गं बाई, हवं तेवढं हल."